हरल्याला काय?

येरवड्यात गोल्फ क्लब चौकात मामाला घेऊन चहाला थांबले होते. शेजारच्या बाकड्यावर दोन तरुण पोरं बसली होती. अंगात कॉलरचे टी-शर्ट, उजवा हात उन्हानं रापलेला आणि डावा मनगटाखाली गोरा. एकाच हातात मोजा घालून दिवसदिवस खेळणाऱ्यांचे हात असेच दोन रंगांचे होतात. त्यांच्यातला एक जण मोबाइलवरून इंडियन गोल्फ प्रीमियर लीगबद्दल वाचून दाखवत होता. २०२५ मध्ये सुरू झालेला नवा दौरा, म्हणजे गावोगावी होणाऱ्या स्पर्धांची साखळी, पहिलाच हंगाम, पुरुष आणि बायका एकाच स्पर्धेत, बक्षिसं मोठी. मामाला हल्ली कमी ऐकू येतं, म्हणून तो बोलणाऱ्याच्या ओठांकडे बघत बसतो. मधेच त्यानं विचारलं, "हरल्याला काय देणारेत रं?" पोरं हसली. त्या हसण्यात वाईट काही नव्हतं. एक जण म्हणाला, "हरल्यावर काय मिळणार आजोबा? घरचं तिकीट. ते पण आपलंच आपण काढायचं." मामानं मान हलवली, बशीतला चहा संपवला आणि उठला. नागपूर चाळीपर्यंत चालत आलो, तो एक शब्द बोलला नाही.

मला मात्र तो प्रश्न सोडेना.

मामानं सगळी उमर कॅडी म्हणून गोल्फ खेळणाऱ्यांच्या काठ्यांच्या बॅगा उचलल्या. शाळा सुटली तेव्हा तो अर्ध्या चड्डीत होता आणि मैदानाच्या भिंतीपलीकडे पडलेले चेंडू गोळा करून परत विकायचा. तिथून बॅगेपर्यंत पोचला. माझ्या लहानपणी तो दुपारी घरी यायचा तेव्हा त्याच्या पायांना कापलेल्या गवताचा वास असायचा. पावसाळ्यात तो वास ओल्या मातीत मिसळून इतका दाट व्हायचा, की आजी त्याला आधी मोरीत पाठवायची. खांद्यावर पट्ट्यानं पडलेला वळ उन्हाळ्यात लाल आणि थंडीत काळपट दिसायचा. त्यानं स्वतः कधी स्पर्धा खेळली नाही. पण ग्रीनवरचं, म्हणजे भोकाभोवतीचं बारीक कापलेलं गवत त्याला जसं वाचता यायचं तसं ते वाचणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. एकदा मला तो भल्या सकाळी आत घेऊन गेला होता. दव पडलेलं होतं, कुणीतरी मारून पाहिलेल्या चेंडूची ओली रेघ गवतावर स्पष्ट उमटली होती. मामा खाली बसला आणि म्हणाला, "चकाकतंय तिकडं पळतंय. काळं दिसतंय तिकडं अडतंय." गवताची पाती आपल्यापासून लांब झुकलेली असली की उजेड परावर्तित होतो, ग्रीन चमकतं, चेंडू वेगानं जातो, पाती आपल्याकडं वळलेली असली की गडद दिसतं आणि चेंडू रेंगाळतो, हे मी पुढं कधीतरी वाचलं. तोवर मामाचं वाक्य मला पुरलं होतं. तेवढ्यात लोहगावकडून सुखोई उडालं, सगळं आकाश फाटल्यासारखा आवाज झाला, आणि ग्रीनवर पट मारायला, म्हणजे चेंडू हलकेच भोकाकडं ढकलायला, वाकलेला माणूस तसाच ताठ होऊन थांबला. मामा हलला नाही. आवाज विरेपर्यंत त्याची नजर चेंडू आणि भोक यांच्यामधल्या त्या वाटेवरच होती.

ज्या माणसानं इतकं जवळून हा खेळ पाहिला, त्याला जिंकणाऱ्यांपेक्षा हरणारे जास्त दिसले असणार. गोल्फमध्ये ते साधं गणितच आहे. क्रिकेटच्या सामन्यात निम्मे हरतात. कुस्तीत दोघांतला एक हरतो. गोल्फच्या स्पर्धेत शंभरावर माणसं उतरतात आणि एक सोडून सगळे हरतात. चार दिवस, रोज अठरा, असे बहात्तर होल. पण दुसऱ्याच दिवशी संध्याकाळी कट लागतो. आपल्याकडच्या दौऱ्यात साधारण पहिले पन्नास आणि पन्नासाव्याशी बरोबरी साधलेले पुढं जातात. बाकीचे दोन दिवस उन्हात चालून, प्रवेश फी भरून, कॅडीचे पैसे देऊन, लॉजचं भाडं चुकवून रिकाम्या हातानं निघतात. एका फटक्यानं हुकला काय आणि दहा फटक्यांनी हुकला काय, पदरात पडतं ते सारखंच.

मामाच्या तरुणपणी तर आपल्याकडं दौराच नव्हता. १९६४ मध्ये दिल्लीत पहिली इंडियन ओपन झाली आणि ती पीटर थॉमसन यांनी जिंकली, हे त्याला साहेबलोकांच्या बोलण्यातून कळलं होतं. ऑस्ट्रेलियाचे थॉमसन तोवर चार वेळा ब्रिटिश ओपन जिंकलेले होते. आशियात स्पर्धांची एक साखळी उभी राहावी म्हणून ज्यांनी खटपट केली त्यांच्यात त्यांचं नाव पुढं आहे. दुसऱ्याच वर्षी बिल्लू सेठी जिंकले, ते हौशी खेळाडू. त्यानंतर एखाद्या भारतीय व्यावसायिकानं ती स्पर्धा जिंकायला १९९१ उजाडलं. आणि जिंकला तो अली शेर, दिल्लीच्या मैदानावर कॅडी म्हणून वाढलेला. त्या दिवशी मामा पेढे घेऊन घरी आला होता. आजीनं विचारलं, कोण पास झालं? तर म्हणाला, "आमच्यातला एक." पुढं १९९३ मध्ये अली शेर परत जिंकला, तेव्हाही पेढे आले. पण मला आठवतं, त्या आनंदातही मामा असं काहीतरी म्हणाला होता, की हा एक आठवडा झाला, पुढच्या आठवड्यात काय? मोठी स्पर्धा वर्षातून एकदा यायची, मधेमधे एखादी कंपनी बक्षीस लावायची. त्या दोन तारखांच्या मधल्या काळात कॅडीतून खेळाडू झालेल्या माणसानं करायचं काय? परत बॅग उचलायची. आणि बॅग उचलणाऱ्या हाताला सरावासाठी वेळ कुठला?

म्हणून कुठल्याही दौऱ्याच्या पहिल्या हंगामाचं मोल मला बक्षिसाच्या रकमेत मोजता येत नाही. १९९५ मध्ये आशियाई दौऱ्याचा पहिला हंगाम झाला आणि एका देशातून दुसऱ्या देशात आठवड्यामागून आठवडे खेळत जाता येईल अशी वाट पक्की झाली. पण ती वाट विमानाची होती, पासपोर्ट लागणारी होती. देशातल्या देशात, रेल्वेच्या स्लीपरनं फिरून खेळता येईल असं भरवशाचं काही हवं होतं. २००६ मध्ये प्रोफेशनल गोल्फ टूर ऑफ इंडिया, म्हणजे पीजीटीआय, सुरू झाली. आमच्या गल्लीत ती बातमी वर्तमानपत्रातून आली नाही. ती एका पोराच्या तोंडून आली.

पोरगा मामाचा चेला. वडील रिक्षा चालवायचे. तो लहान असताना मामानं त्याला एक मोडकी सेव्हन आयर्न कापून, मुठीला सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळून दिली होती. त्या एका काठीनं तो नदीकाठच्या मोकळ्या जागेत उंच, बुटका, डावीकडं वळणारा, उजवीकडं वळणारा असे सगळे फटके मारायचा. पुढं त्यानं बॅगा उचलल्या, मैदान बंद असेल त्या दिवशी इतर कॅडींबरोबर खेळला, आणि एक दिवस व्यावसायिक झाला. हा निर्णय घेतला की माणूस हौशी स्पर्धांना मुकतो. परत हौशी व्हायचं तर अर्ज, वाट बघणं, सगळं आलं. तेव्हा देशभर आठवड्यामागून आठवडे खेळायला मिळेल असा दौरा सुरू होतोय म्हटल्यावर त्याच्या डोळ्यांत जे आलं ते मी पाहिलंय. तो झेलम एक्स्प्रेसनं गेला. आम्ही पुणे स्टेशनवर पोचवायला गेलो होतो, संध्याकाळची वेळ, फलाटावर वडापावचा आणि डिझेलचा वास. बॅग त्याच्या आईनं जुन्या गोधडीत शिवून दिली होती, काठ्या वाजू नयेत म्हणून मधेमधे कपडे कोंबलेले. नियमानं चौदा नेता येतात, त्याच्याकडं तेवढ्या नव्हत्या. हमालानं विचारलं, काय तंबोरा आहे का? पोरगा म्हणाला, हो. मामानं खिडकीतून हात घालून त्याच्या डोक्यावर ठेवला आणि एकच सांगितलं, "जेवण टाळू नकोस."

गाडी सुटल्यावर काकूंनी, म्हणजे त्याच्या आईनं, पदर सावरला तेव्हा माझं लक्ष त्यांच्या हाताकडं गेलं. पाटल्या नव्हत्या.

तेव्हा फोन करायचे पैसे वाचवायला मिस्ड कॉलची खूण ठरलेली असायची. पोरानं आईच्या नोकियावर एक मिस्ड कॉल दिला तर कट मिळाला, दोन दिले तर हुकला. स्पर्धेच्या दुसऱ्या दिवशी काकू संध्याकाळपासून तो फोन ओट्यावर ठेवून भाकऱ्या थापायच्या. मी क्लासवरून येताना त्यांच्याकडं डोकवायची. फोन वाजला की त्या हात तसाच पिठाचा धरून थांबायच्या. पहिली रिंग बंद व्हायची. मग ते मधले काही क्षण. बाहेर गल्लीत पोरांचा आरडाओरडा, तव्यावरची भाकरी करपत चाललेली, आणि आम्ही दोघी त्या छोट्याशा पडद्याकडं बघतोय. बहुतेक वेळा दुसरी रिंग यायची. काकू काही बोलायच्या नाहीत, भाकरी उलटायच्या. कधी एकच यायची, आणि आम्ही खात्री पटेपर्यंत तशाच उभ्या राहायचो. हंगाम संपेपर्यंत असं चाललं. मग तो परत आला. काळा पडलेला, पण अंगानं चांगला भरलेला. जेवण टाळलं नव्हतं.

पुढचं मी भराभर सांगते, कारण त्यात सांगण्यासारखं थोडं आहे. त्यानं आणखी काही काळ खेळून पाहिलं. पैसे संपले. वडिलांना पक्षाघात झाला, रिक्षा त्यानं चालवायला घेतली. आता तो पोरांना शिकवतो, त्याचं नाव आहे, सकाळी त्याच्याकडं रांग असते. पाटल्या सुटल्या नाहीत. काकूंनी त्याचा दोष मामाला दिला. "तुम्ही त्याच्या हातात ती काठी दिली नसती तर," असं त्या एकदाच म्हणाल्या, सगळ्यांसमोर, हळदीकुंकवाच्या दिवशी. तेव्हापासून मामा त्यांच्या दारावरून जात नाही, मागच्या बोळानं वळसा घालून जातो. काकूंचं काय चुकलं, हे मला अजून सांगता येत नाही. त्यांच्या घरातलं सोनं त्या प्रवासात, लॉजमध्ये, कॅडीच्या मजुरीत विरघळलं आणि त्याच्या बदल्यात घरात एक ट्रॉफीसुद्धा आली नाही. आणि तरी मामानं काठी द्यायला नको होती, असंही माझ्या तोंडून निघत नाही.

चहावाल्याकडचा प्रसंग झाल्यावर मी त्या पोराला फोन केला. पोरगा म्हणायचं, आता चाळिशी ओलांडली त्यानं. विचारलं, "खरं सांग, पहिल्या हंगामात हरल्याला काय मिळालं?" त्याला वेळ लागला. मग म्हणाला, "ताई, टी-टाइम मिळाला." मला कळलं नाही. तो सांगू लागला. पहिले दोन दिवस तिघातिघांचे गट असतात, अर्धे पहिल्या टीवरून, म्हणजे पहिल्या होलच्या सुरुवातीच्या जागेवरून निघतात, अर्धे दहाव्या. आदल्या दिवशी यादी लागते. त्यात आपलं नाव, वेळ, टी. सात चाळीस, दहावा टी. "त्या वेळी त्या जागी मला उभं राहायचंच असायचं. कुणी साहेब येणार म्हणून थांबायचं नाही, कुणी म्हटलं म्हणून बाजूला व्हायचं नाही. माझं कार्ड दुसरा लिहिणार, त्याचं मी लिहिणार, शेवटी सह्या. आणि कट हुकला तरी पुढच्या आठवड्याच्या यादीत परत नाव." त्याला त्या वेळा अजून पाठ आहेत. एकामागून एक सांगत गेला, सकाळच्या, दुपारच्या, धुक्यामुळं पुढं ढकललेल्या. स्कोअर मात्र आठवत नव्हते, किंवा त्यानं सांगितले नाहीत.

मला वाटतं, दौरा म्हणजे मुळात एवढंच. पुढचा आठवडा आहे, हे लिहून दिलेलं वचन. एकट्यादुकट्या स्पर्धेत हरणं म्हणजे दार बंद होणं. दौऱ्यात हरणं म्हणजे बॅग बांधून पुढच्या गावची गाडी बघणं. महूचा मुकेश कुमार, तोही कॅडीचं काम करत वर आलेला, २०१६ मध्ये दिल्लीत पॅनासोनिक ओपन जिंकला तेव्हा ५१ वर्षांचा होता. आशियाई दौऱ्यावर इतक्या वयात पहिली स्पर्धा जिंकणारा तो पहिलाच. बंगळूरचा चिन्नास्वामी मुनियप्पा २००९ ची इंडियन ओपन जिंकला, त्याचीही सुरुवात बॅगा उचलण्यातच. एसएसपी चौरसियाचे वडील कोलकात्याच्या रॉयल कलकत्ता मैदानावर ग्रीनची देखभाल करायचे. पोरगा तिथंच बघूनबघून शिकला आणि २००८ मध्ये दिल्लीत झालेली युरोपियन दौऱ्याची स्पर्धा जिंकला. ही माणसं गुणी होती यात शंका नाही. पण ५१ व्या वर्षापर्यंत गुण टिकायला आठवडे लागतात, शेकडो. आपल्या पुण्याचा उदयन माने टोकियो ऑलिंपिकला गेला, तो अर्जेंटिनाच्या एमिलियानो ग्रिलोनं माघार घेतल्यामुळं. साठ खेळाडूंच्या त्या यादीत एक जागा रिकामी झाली आणि क्रमवारीत पुढचं नाव त्याचं निघालं. लोक नशीब म्हणाले. पण जागा रिकामी होते त्या दिवशी क्रमवारीत आपण त्या ठिकाणी असायला आधी किती आठवडे खेळलेलं असावं लागतं! २०२१ च्या त्या पावसाळ्यात मामानं टीव्हीसमोरून हलायला नकार दिला होता. मानेचा चेंडू ग्रीनवर आला की तो पडद्याजवळ जाऊन गवताचा रंग बघायचा.

आणि ते आठवडे कोण उभे करतं? प्रायोजक पैसा देतो, मैदान जागा देतं, हे खरंच. पण शंभरावर माणसं नाव नोंदवत नाहीत तोवर स्पर्धा होत नाही. पन्नासाची रेघ ओढायची तर रेघेखाली कुणीतरी लागतं. पहिल्या हंगामात तर कुणालाच माहीत नसतं की दुसरा होईल की नाही. तरी माणसं स्वतःच्या खिशातून तिकीट काढून येतात, आणि त्यांच्या येण्यामुळं दुसरा हंगाम होतो. माझ्या मनात काकूंच्या पाटल्या कायम तिथं येऊन अडतात. भारतीय व्यावसायिक गोल्फच्या पायाभरणीत त्या पाटल्या गेलेल्या आहेत. त्यांची नोंद कुठल्याही तक्त्यात नाही, कारण कमाईच्या तक्त्यात कट हुकलेल्या आठवड्यापुढं रक्कमच नसते.

अमेरिकेतल्या पीजीए टूरसारख्या गडगंज दौऱ्यानंसुद्धा याचा विचार फार उशिरा केला. २०२३ च्या हंगामापासून त्यांनी पूर्ण पात्रता नसलेल्या सदस्यांना हुकलेल्या प्रत्येक कटमागं ५,००० डॉलर द्यायला सुरुवात केली, प्रवासाचा आणि राहण्याचा खर्च म्हणून. आपल्याकडं डॉलर नकोत. स्लीपरचं तिकीट, दोन रात्रींचं लॉज आणि कॅडीची दोन दिवसांची मजुरी, एवढं दौऱ्याच्या अंदाजपत्रकात बसवायला हवं. विजेत्याच्या धनादेशातून थोडं कमी करून बसवायला हवं. २०२४ पासून पीजीटीआयच्या अध्यक्षपदी कपिल देव आहेत, शेजारी नवी लीग उभी राहिलीय, दोन्हीकडं पैशांचं बोलणं चालू आहे. त्या बोलण्यात एक्कावन्नाव्या क्रमांकाच्या माणसाचा विषय निघावा, असं मला मनापासून वाटतं. चढाओढ चांगल्या खेळाडूंसाठी होते आहे, होऊ दे. पण त्या बाकड्यावरच्या पोरांच्या आयांनी पुन्हा सराफाची पायरी चढू नये.

हे सगळं मी मामाला सांगितलं. पाच हजार डॉलर म्हटल्यावर त्यानं रुपयांत किती होतात ते विचारलं, आणि ऐकून बराच वेळ बोटांवर काहीतरी मोजत राहिला. झेलमची तिकिटं मोजत असावा. मी म्हटलं, "पुण्यात आता कुठलीही स्पर्धा आली की तुला घेऊन जाते मामा. शेवटच्या दिवशी जाऊ, बक्षीस समारंभ बघू."

"शेवटच्या दिवशी नको," तो म्हणाला. "दुसऱ्या दिवशी ने. दुपारी बारानंतर. आणि सतराव्याला उभं राहू. अठराव्याला गेल्यावर पोरांच्या हातात काय ऱ्हात नाही."